बासरीला चीर गेली तर काय करायचं

एप्रिल उजाडला की माझ्याकडे दुरुस्तीला बासऱ्या यायला लागतात आणि जवळजवळ सगळ्यांचं दुखणं एकच, चीर. त्यातल्या कितीतरी बासऱ्यांवर घरीच ग्लू ओतलेला असतो, मग माझा पहिला तास तो खरवडण्यातच जातो. म्हणून आधीच सांगतो, चीर दोऱ्याने बंद होते, ग्लू फक्त हवा जाऊ नये म्हणून.

बांबूचे तंतू सगळे उभे जातात, त्यांना आडवं बांधून ठेवणारं काहीच नसतं, त्यामुळे तो फाटतो तो लांबीतच. वाजवताना आतून श्वासाची ओल लागते, आतली बाजू फुगते, बाहेर कोरडी हवा, ही ओढाताण झाली की रात्री कधीतरी टच्‌ असा आवाज येतो. मुंबईची बासरी मे महिन्यात नागपूरला नेली किंवा अमेरिकेत थंडीत हीटर चालू असलेल्या घरात ठेवली की हेच होतं, आणि पांढरी तीनची (हार्मोनियमच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या सुराची) साधारण 30 इंची मोठी बासरी असेल तर आणखी जपायला हवं.

चीर दिसतेच असं नाही. मंद्रातले, म्हणजे खालच्या सप्तकातले, सूर अचानक घोगरे झाले, खालचा पंचम लागेना, की संशय घ्या. सहाही भोकांवर सेलोटेप लावा, खालचं तोंड तळहाताने दाबा आणि फुंकायच्या भोकातून हवा ओढून बघा, ओठ चिकटला तर बासरी ठीक आहे, हवा येत राहिली तर कुठेतरी गळतंय (फुंकायच्या भोकाकडचं टोक आतून बंद करणारं बूच सैल असलं तरी गळतं, तेही बघा). अंधारात खालून मोबाईलचा टॉर्च धरला तर बारीक चीरही उजेडाची रेघ होऊन दिसते.

सापडली की लगेच बांधायला बसू नका. बासरी प्लास्टिकच्या लांब पिशवीत ठेवा, आत एक ओलसर फडकं, बासरीला न टेकता, आणि एक-दोन दिवस राहू द्या, रोज उघडून बुरशी नाही ना बघा. बांबू ओल पितो आणि चीर आपोआप मिटत येते. उघड्या चिरेत ग्लू किंवा एम-सील भरलं तर पावसाळ्यात बांबू फुगल्यावर त्याला मिटायला जागाच राहत नाही, मग शेजारीच दुसरी चीर जाते, मी हे खूप बघितलंय.

मिटली की पातळ इन्स्टंट ग्लू थेंब थेंब सोडा, आत ओघळला तर काडीला सँडपेपर गुंडाळून घासून काढा. आता दोरा. चपला शिवायचा मेण लावलेला नायलॉनचा दोरा घ्या, साध्या शिलाईच्या दोऱ्याला तेवढा ताण झेपत नाही. दोऱ्याचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधा, दुसऱ्या टोकाचा लूप करून बासरीवर तिच्या लांबीच्या दिशेने ठेवा, आणि मागे रेलून ताण देत, बासरी फिरवत फिरवत गजाकडे चालत जा, वेढे एकाला एक खेटून लूपवरूनच गेले पाहिजेत. साधारण 1 सेंटिमीटर झालं की ताण न सोडता गजाकडचं टोक कापून लूपमधून ओवा आणि सुरुवातीचं टोक ओढा, लूप वेढ्यांखाली अर्ध्यापर्यंत गेला की थांबा, दोन्ही टोकं कापा, वरून ग्लूचा हलका हात. गाठ कुठेच नको. पहिली बांधणी चिरेच्या दोन्ही टोकांच्या जरा पुढे, म्हणजे चीर आणखी पळत नाही, मग मधल्या जागी. चीर फुंकायच्या भोकातून गेली असेल तर भोकाला अगदी लागून दोन्ही बाजूंनी बांधा, पण भोकाच्या कडेला सँडपेपर अजिबात लावू नका, सगळा आवाज त्या कडेवर आहे.

तेलाचं म्हणाल तर लोक बाहेरून चोळतात, आणि बांबूची वरची साल इतकी टणक, मेणचट असते की त्यातून काही शिरत नाही. तेल आतून द्यायचं. काठीला मऊ फडकं गुंडाळून बदामाचं किंवा मोहरीचं तेल पातळ फिरवा, रात्रभर उभी ठेवा, सकाळी जास्तीचं पुसून घ्या. आपल्याकडे हात आधी खोबरेलाकडे जातो, पण ते थंडीत थिजतं, नकोच. उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी, पावसाळ्यात महिन्याने पुरे.

या सगळ्यात बूच सरकलं असेल तर आधी सप्तक तपासा. खालचा सा बरोबर आणि वरचा सा उतरतोय, तर बूच फुंकायच्या भोकाकडे केसभर ढकला, वरचा चढतोय तर मागे घ्या. मिलिमीटरनेसुद्धा फरक पडतो, म्हणून दर वेळी वाजवून, ट्यूनर लावून बघा. बांधलेली बासरी पहिला आठवडाभर एका वेळी दहा मिनिटांच्या वर वाजवू नका, आणि वाजवून झाली की आतून कोरडी पुसूनच पिशवीत ठेवा.