मधुमेहातील मज्जातंतूंचे दुखणे : दवाखान्यात ते ओळखावे कसे आणि हाताळावे कसे

मधुमेहाचा रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा साखरेचे आकडे, रक्तदाब आणि औषधांची चिठ्ठी यांतच बहुतेक वेळ निघून जातो आणि पायांचा विषय राहून जातो. रुग्णही तो आपणहून काढत नाही, कारण तळपायांची आग आणि रात्रीच्या मुंग्या वयामुळे किंवा थकव्यामुळे येतात अशी त्याची समजूत असते. म्हणून हा प्रश्न डॉक्टरांनीच विचारायला हवा. टाइप 2 मधुमेहात निदान होताक्षणी आणि टाइप 1 मधुमेहात निदानानंतर पाच वर्षांनी पायांची पहिली तपासणी करावी, व पुढे दरवर्षी ती होईल असे पाहावे.

विचारताना ‘पाय दुखतात का?’ एवढ्यावर थांबू नये. अनेकांना हा त्रास दुखण्यासारखा वाटतच नाही. आग होते, सुया टोचतात, मुंग्या येतात, मध्येच करंट लागल्यासारखे होते, कापसावर चालल्यासारखे वाटते, अंगावरच्या चादरीचा स्पर्शही पायाला सहन होत नाही, अशा शब्दांत ते सांगतात. दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होऊन हळूहळू वर सरकणारा आणि विश्रांतीच्या वेळी, विशेषतः रात्री, वाढणारा त्रास असेल तर मधुमेही न्यूरोपॅथीची, म्हणजे मधुमेहामुळे मज्जातंतूंना होणाऱ्या इजेची, शंका बळावते. वाढलेल्या साखरेचा परिणाम मज्जातंतूंवर आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांवर होतो व सर्वांत लांब तंतू आधी जायबंदी होतात, म्हणून सुरुवात पायांच्या बोटांपासून होते. लक्षणे गुडघ्याच्या आसपास पोहोचली की मग साधारणपणे हातांची बोटे बधिर होऊ लागतात. हातांपासूनच सुरुवात झाली असेल तर वेगळे कारण शोधावे. मनगटात नस दबणे मधुमेहींमध्ये वारंवार आढळते. वर्णन ऐकून खात्री होत नसेल तर डीएन4 ही दहा मुद्द्यांची प्रश्नावली उपयोगी पडते. तिच्यात 4 किंवा अधिक गुण मिळाले तर दुखणे मज्जातंतूंचे असण्याची शक्यता बरीच असते.

यानंतर दोन्ही पायांतले बूट आणि मोजे काढायला सांगावे. घाईच्या वेळी हीच गोष्ट सर्वांत आधी टाळली जाते आणि तिचीच किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते. बोटांच्या बेचक्यांत भेगा किंवा बुरशी आहे का, त्वचा कोरडी पडली आहे का, घट्टे आले आहेत का, बोटे वाकली आहेत का हे पाहावे आणि पावलाच्या व घोट्यामागच्या नाड्या बोटांनी चाचपाव्या. मग 10 ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे ठरावीक दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा, घ्यावा. तो आधी रुग्णाच्या हाताला लावून स्पर्श कसा जाणवतो ते समजू द्यावे, नंतर त्याला डोळे मिटायला सांगावे आणि तळपायावर, घट्ट्याची जागा टाळून, धागा किंचित वाकेपर्यंत साधारण एक सेकंद टेकवावा. ‘आता लागले का?’ असे विचारू नये, कारण विचारण्यातच उत्तर सुचवले जाते. जाणवेल तेव्हा रुग्णाने स्वतःहून ‘हो’ म्हणावे. 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे कंप पावणारा धातूचा काटा, पायाच्या अंगठ्याच्या वरच्या हाडावर ठेवून कंप कळतो का आणि थांबल्याचे कळते का हे पाहावे. टोचणीची जाणीव व घोट्याचा रिफ्लेक्स (ठोकल्यावर आपोआप होणारी हालचाल) तपासला की दवाखान्यापुरती तपासणी पूर्ण होते. बारीक तंतू वेदना आणि तापमान वाहतात, जाड तंतू कंप आणि शरीराच्या स्थितीची जाणीव. त्यामुळे एकच चाचणी करून निर्धास्त होऊ नये.

जो पाय रात्रभर जळतो तोच पाय बाहेरच्या स्पर्शाला बधिर असू शकतो, हे रुग्णाला नीट समजावून सांगणे मला फार महत्त्वाचे वाटते. ‘मला तर पाय जास्तच जाणवतात’ असे म्हणणाऱ्या माणसाला बुटातला खडा कळत नाही आणि जखम पिकल्यावरच लक्षात येते. तसेच, औषध न घेता दुखणे आपोआप कमी झाले तर रोग बरा झाला असे गृहीत धरू नये. उरलेली संवेदना गेल्यामुळेही तसे होते. अशा वेळी पाय पुन्हा तपासावा.

चित्र ठरावीक असेल तर नर्व्ह कंडक्शनची (मज्जातंतूंतून संदेश किती वेगाने जातो याची) तपासणी सहसा लागत नाही, आणि केवळ बारीक तंतूंना इजा असेल तर ती नॉर्मलही येते. मात्र मधुमेह आहे म्हणून पायांची प्रत्येक तक्रार मधुमेहाच्या खात्यावर टाकणे चुकीचे ठरेल. बी12 जीवनसत्त्व, थायरॉइड आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे कार्य सांगणारी रक्ततपासणी) तपासावे. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत बी12 कमी होण्याची शक्यता असते आणि ही कमतरता भरून काढता येते, म्हणून ती नजरेतून सुटू देऊ नये. मद्यपान, क्षयरोगावरचे आयसोनियाझिड, कर्करोगावरची काही औषधे, एचआयव्ही आणि कुष्ठरोग यांचीही चौकशी करावी. चालताना पोटऱ्या भरून येत असतील व थांबल्यावर बरे वाटत असेल तर रक्तवाहिन्यांकडे लक्ष द्यावे. वाकल्यावर किंवा बसल्यावर आराम पडत असेल तर कण्याकडे. एकाच बाजूचा त्रास, आठवड्यांत झपाट्याने वाढणारी लक्षणे, बधिरपणापेक्षा जास्त कमजोरी, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, किंवा मांडीत तीव्र दुखून स्नायू व वजन घटणे यांपैकी काहीही दिसले तर न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवण्यास उशीर करू नये. आणखी एक गोष्ट सहज निसटते. फार वाढलेली साखर काही आठवड्यांत वेगाने खाली आणली की नव्याने तीव्र वेदना सुरू होऊ शकतात, म्हणून एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) कसकशी उतरली ते जरूर पाहावे.

साखरेचे चांगले नियंत्रण टाइप 1 मधुमेहात न्यूरोपॅथीला बऱ्याच अंशी आवर घालते. टाइप 2 मध्ये फायदा तुलनेने कमी असतो, पण असतो. मात्र त्याने आत्ताचे दुखणे थांबत नाही. त्यासाठी वेगळे औषध लागते आणि ते मज्जातंतू दुरुस्त करत नाही, केवळ वेदना कमी करते, हे सुरुवातीलाच सांगावे. दुखणे पूर्ण जाण्याची आशा दाखवू नये. 0 ते 10 च्या मापावर ते 30 ते 50 टक्क्यांनी उतरले आणि झोप लागू लागली तर उपचार यशस्वी मानावा.

ड्युलोक्सेटिन, प्रीगॅबालिन किंवा गॅबापेन्टिन आणि अमिट्रिप्टिलिन ही पहिल्या फळीची औषधे आहेत. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2022 साली प्रसिद्ध झालेल्या ऑप्शन-डीएम या चाचणीत अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन व प्रीगॅबालिन यांपैकी कोणत्याही औषधाने सुरुवात करून गरजेनुसार दुसरे जोडले तरी वेदना जवळपास सारखीच कमी झाली. तेव्हा निवड औषधाच्या नावावरून न करता रुग्ण पाहून करावी. मनाची उदासी सोबत असेल तर ड्युलोक्सेटिन योग्य ठरते : 30 मिलिग्रॅम जेवणानंतर सुरू करून आठवड्याने 60 करावे. यकृताचा आजार असेल किंवा ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेचा आकडा) 30 पेक्षा कमी असेल तर ते टाळावे. झोप उडाली असेल तर रात्री 75 मिलिग्रॅम प्रीगॅबालिन, वृद्धांत त्याहून कमी, देऊन हळूहळू दिवसाला विभागून 300 पर्यंत न्यावे. पायांची सूज, वजनवाढ आणि चक्कर यांवर लक्ष ठेवावे, हृदय निकामी होण्याचा इतिहास असल्यास जपून द्यावे आणि मूत्रपिंडाच्या कार्यानुसार मात्रा घटवावी. अमिट्रिप्टिलिन स्वस्त व परिणामकारक असले तरी हृदयाच्या ठोक्यांचे विकार, काचबिंदू, प्रोस्टेटमुळे लघवी अडणे आणि उभे राहताच रक्तदाब उतरणे अशा रुग्णांत ते नको. इतरांत रात्री 10 मिलिग्रॅमपासून सुरुवात करून सावकाश वाढवावे.

माझ्या मते औषध ‘लागू पडत नाही’ याचे कारण अनेकदा औषधात नसून मात्रेत असते. सुरुवातीची छोटी मात्रा महिनोन्महिने तशीच चालू राहते किंवा आठवड्याभरात औषध बदलले जाते. सहन होईल त्या पुरेशा मात्रेवर किमान चार ते सहा आठवडे द्यावे. उपयोग अर्धवट झाला तर दुसऱ्या गटातले औषध जोडावे; प्रीगॅबालिन आणि गॅबापेन्टिन एकत्र देऊ नये, आणि ड्युलोक्सेटिनसोबत ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक देणे धोक्याचे आहे. कोणतेही औषध बंद करताना टप्प्याटप्प्यानेच करावे. गोळ्या न चालणाऱ्यांना कॅप्सेसिनचे मलम किंवा लिडोकेन लावता येते. साध्या वेदनाशामक गोळ्यांचा या दुखण्यावर फारसा उपयोग होत नाही, उलट मूत्रपिंडाला त्रास होतो. ओपिऑइड (अफूवर्गीय) औषधे टाळावीत आणि बी12 ची कमतरता नसताना जीवनसत्त्वांच्या गोळ्यांवर भरवसा ठेवू नये.

पायांच्या काळजीबद्दल सूचना थोड्या पण नेमक्या द्याव्या. रोज तळपाय पाहावा, दिसत नसेल तर आरशात किंवा घरच्यांकडून. अनवाणी चालू नये. पाण्याचा गरमपणा पायाने न तपासता कोपराने तपासावा. शेकण्याच्या पिशवीपासून दूर राहावे. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून पाहावे. पाऊल लाल, गरम आणि सुजलेले दिसले तर दुखत नसले तरी त्याच दिवशी दाखवायला यावे, कारण ती शार्को विकृतीची, म्हणजे बधिर पावलातली हाडे व सांधे मोडत जाण्याची, सुरुवात असू शकते. मोनोफिलामेंट न जाणवणाऱ्या पायाची तपासणी वर्षाऐवजी 6 ते 12 महिन्यांनी, सोबत नाड्या कमजोर असतील किंवा पाऊल विकृत असेल तर 3 ते 6 महिन्यांनी, आणि पूर्वी जखम होऊन गेली असेल तर 1 ते 3 महिन्यांनी करावी.