पहिल्या हिवाळ्यात एकच तेजोमेघ

दुर्बिणीला डोळा लावून तीन सेकंदांत बाजूला होणारी माणसं मी दर हिवाळ्यात बघते. रांगेत बराच वेळ उभी राहिलेली असतात, आणि तरी म्हणतात, ‘काहीतरी धुरकट दिसलं, बाकी काही नाही.’ आता ते धुरकट म्हणजेच तेजोमेघ, अवकाशातला वायू आणि धुळीचा चमकता ढग. तो त्यांना दिसलेला असतो, पण मन मोबाइलवरचा गुलाबी-जांभळा फोटो शोधत असतं. म्हणून नव्याने येणाऱ्यांना मी एवढंच सांगते, की पहिल्या वर्षी याद्या करू नका. मृग नक्षत्रातला एम ४२ हा तेजोमेघ तेवढा धरा आणि डिसेंबर ते मार्च तोच पुन्हा पुन्हा बघा.

हाच का, तर तो नुसत्या डोळ्यांना कळतो आणि आपल्याकडून चांगला उंच येतो. पुण्याहून पाहिलं तर सर्वांत उंच असताना क्षितिजापासून जवळजवळ ६६ अंश. जानेवारीअखेर रात्री साडेनऊच्या सुमारास तो तिथे असतो, म्हणजे घरी जेवून निघालात तरी चुकत नाही. एक गोंधळ मात्र हमखास होतो. ‘मृग लागला’ म्हणजे पाऊस, हे आपल्या कानांवर इतकं बसलंय की काहीजण जूनमध्ये विचारतात, मृग कुठे दिसेल? जूनमध्ये सूर्यच त्या भागात असतो. मृगाचा पाऊस अंगावर घ्यायचा, मृग बघायला थंडीची वाट बघायची.

शोधायला सोपं आहे. चार ठळक ताऱ्यांचा चौकोन म्हणजे मृगाचे पाय. त्यातला तांबूस तो काक्षी, निळसर-पांढरा तो राजन्य. मधोमध एका ओळीत तीन तारे, व्याधाने मारलेला बाण. ही ओळ आग्नेयेकडे वाढवली की खुद्द व्याधाचा ठळक तारा सापडतो, त्यामुळे खात्री करून घेता येते. आता बाणापासून दक्षिणेकडे या. हात लांब करून तीन बोटं आडवी धरली की जेवढं अंतर होतं, साधारण तेवढ्यावर तीन मंद ठिपके उभे दिसतील. मधला नीट ठिपक्यासारखा दिसत नाही, जरा पुसल्यासारखा दिसतो. तोच.

पण हे अंधारातलं झालं. शहराच्या गच्चीवरून बायनॉक्युलर लागेलच. अमावास्येच्या आसपासचा शनिवार-रविवार गाठा आणि एखाद्या आकाशदर्शन मंडळाबरोबर बाहेर पडा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे. मुंबईकर खगोल मंडळाबरोबर वर्षानुवर्षं कर्जत मार्गावरच्या वांगणीला रात्र काढत आले आहेत. वांगणीचं आकाश पूर्वीइतकं काळं राहिलं नाही, तरी मुंबईच्या मानाने पुष्कळच बरं. मंडळाबरोबर जाण्याचा खरा फायदा म्हणजे एकाच रात्री चार तऱ्हेच्या दुर्बिणी बघायला मिळतात आणि स्वतःची दुर्बीण घ्यायची घाई आपोआप कमी होते. खोक्यावर ‘पाचशेपट मोठं दिसेल’ असं छापलेली दुर्बीण तर कधीच घेऊ नका. तेजोमेघाला मोठेपणा नको, उजेड हवा. वर्धन वाढवत नेलं की तोच प्रकाश जास्त जागेवर पसरतो आणि मेघ फिकट पडतो. १० बाय ५० चा, म्हणजे दहापट वर्धनाचा आणि ५० मिलिमीटर भिंगांचा बायनॉक्युलर पहिली दोन वर्षं पुरतो. पुढे वाटलंच तर सहा इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण.

डोळ्यांची तयारी हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि एक व्हॉट्सॲप मेसेज वाचला की ती गेली. टॉर्चला लाल जिलेटिन लावा. मोबाइल बॅगेत. मग मेघाकडे थेट न बघता किंचित बाजूला नजर ठेवा, लक्ष मात्र मेघावरच. डोळ्यातल्या मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी नजरेच्या केंद्रापासून थोड्या दूर दाट असतात, त्यामुळे तिरक्या नजरेला कडा जास्त लांब पसरलेल्या दिसतात. पहिल्यांदा हे जमत नाही. डोळा सवयीने मध्ये ओढला जातोच. पाच मिनिटं आयपीसपाशी, म्हणजे डोळा लावायच्या भिंगापाशी टिकलात तर फरक कळेल. रांग मोठी असेल तर कार्यक्रम संपल्यावर थांबा, मध्यरात्रीनंतर दुर्बिणी रिकाम्याच असतात. डिसेंबरात दव इतकं पडतं की भिंगं ओली होतात, तेव्हा नळीपुढे कार्डबोर्डची गुंडाळी लावायला शिका. स्वेटर-कानटोपीचं वेगळं सांगायला नको.

सहा इंची दुर्बिणीत पन्नासेक पट वर्धनाला पंख पसरल्यासारखा आकार येतो आणि त्यात एका बाजूने घुसलेली काळी खाच दिसते. ती रिकामी जागा नाही, पुढे आलेली धूळ आहे. खाचेच्या टोकाशी चार ताऱ्यांचा छोटा समलंब चौकोन. इथे वर्धन शंभरच्या पुढे नेलं तरी चालतं, कारण आता आपण तारे बघतोय. त्यातला सर्वांत तेजस्वी तारा हा या सगळ्या देखाव्याचा दिवा. त्याच्या अतिनील प्रकाशाने भोवतालचा वायू आयनीभूत होऊन (अणूंतले इलेक्ट्रॉन सुटून) चमकतो. अंतर सुमारे १,३५० प्रकाशवर्षं, मेघाचा विस्तार वीसहून अधिक प्रकाशवर्षं, आणि आत तारे अजून जन्मतायत. हबल दुर्बिणीने १९९० च्या दशकात इथेच कोवळ्या ताऱ्यांभोवतीच्या धुळीच्या तबकड्या दाखवल्या.

रंगाचं काय? बहुतेकांना राखाडीच दिसतो. मोठ्या आरशाच्या दुर्बिणीतून काहींना हिरवट झाक जाणवते, ती खरी असते. ऑक्सिजनची ५०१ नॅनोमीटरच्या आसपासची वर्णपटरेषा, म्हणजे त्या वायूचा ठरावीक रंगाचा प्रकाश, अंधाराला सरावलेल्या डोळ्याच्या सर्वाधिक संवेदनशील पट्ट्याजवळच पडते. ही रेषा कोणत्या मूलद्रव्याची हे दीर्घकाळ कळत नव्हतं, म्हणून ‘नेब्यूलियम’ नावाचं नवं मूलद्रव्यच कल्पिलं गेलं. १९२७ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ आयरा बोवेनने तो अतिविरळ अवस्थेतला ऑक्सिजन असल्याचं दाखवलं. फोटोतला गुलाबी रंग हायड्रोजनच्या लाल रेषेमुळे येतो, आणि तिथे आपला डोळा रात्री जवळजवळ आंधळा असतो. कॅमेरा खोटं बोलत नाही, तो फक्त जास्त वेळ बघतो.

जमल्यास पेन्सिल न्या. चित्रकला येत नसली तरी चालेल. चौकोन, खाच आणि मेघाची कड कुठवर दिसली तेवढं काढा, तारीख आणि चंद्र होता का ते लिहा. डच शास्त्रज्ञ हॉयगेन्सने १६५६ मध्ये हा भाग बघून रेखाटला होता, त्याच्या चित्रात चौकोनातले तीनच तारे आहेत. तुम्हाला चौथा दिसला की नाही हे वहीत राहू द्या. मार्चमधलं चित्र डिसेंबरच्या शेजारी ठेवलं की मेघ वाढल्यासारखा वाटतो.

मार्चनंतर पुढे काय, हे सगळे विचारतात. क्रॅब नेब्यूलाचं नाव मोठं, पण छोट्या दुर्बिणीत तो फिका डागच. अश्वमुख या काळ्या मेघाचा नाद तर इतक्यात नकोच. धनु राशीतला एम ८ हा तेजोमेघ घ्या. तो युरोपातून क्षितिजालगत दिसतो, आपल्याकडून पन्नास अंशांच्या जवळ चढतो. त्याचे ऐन महिने पावसाळ्यात बुडतात एवढीच अडचण. म्हणून मे महिन्यात पहाटे तीनचा गजर लावायचा, नाहीतर ऑक्टोबरात अंधार पडल्या पडल्या नैर्ऋत्येला, तो मावळायच्या आत गाठायचा.