स्क्वीझ्ड प्रकाशानं तापमान मोजताना

मे महिन्यात यवतमाळकडच्या आमच्या गावात पारा ४५ वर गेला की अर्ध्या अंशाचं कोणाला काय! प्रयोगशाळेत मात्र अंशाचा हजारावा भागही लागतो.

नमुन्यातून लेझर सोडा. नमुना तापला की त्याचा अपवर्तनांक (प्रकाश त्यात किती मंदावतो तो आकडा) बदलतो अन् इंटरफेरोमीटरच्या, म्हणजे प्रकाशाचे दोन भाग करून पुन्हा एकत्र आणणाऱ्या यंत्राच्या, उजेड-अंधाराच्या पट्ट्या सरकतात. अडचण फोटॉनची, म्हणजे प्रकाशाच्या कणांची: ते टिनावरच्या पहिल्या थेंबांसारखे आडवेतिडवे पडतात. चूक दहापट कमी करायची तर प्रकाश शंभरपट पाहिजे, अन् तेवढ्यानं नमुनाच तापतो.

म्हणून इंटरफेरोमीटरच्या रिकाम्या तोंडातून स्क्वीझ्ड, म्हणजे एका बाजूनं गोंधळ पिळून कमी केलेला, प्रकाश घाला. कलेतला (लाटेच्या चढउताराच्या वेळेतला) गोंधळ दबतो, तीव्रतेतला फुगतो, फुगू द्या. आरसे आधी पुसा बावा! अर्धा प्रकाश वाटेतच गेला, तर कितीही पिळा, गोंधळाची शक्ती साध्या प्रकाशाच्या निम्म्याखाली उतरत नाही. माझी एक अख्खी दुपार धुळीपायी गेली.