बारा तास धावायचंय? पहिल्या तासापासूनच चाला

वेळेच्या अल्ट्रामध्ये, म्हणजे ठरावीक तासांच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत, अंतर ठरलेलं नसतं. 12 किंवा 24 तासांत जो जास्त अंतर कापेल तो पुढे. म्हणून पाय भरून येण्याची वाट पाहू नका. ताजे असतानाच 25 मिनिटं धावा, 5 मिनिटं चाला. सुरुवातीला बाकीचे पुढे जातील, जाऊ द्या. खाणं याच चालण्यात उरकायचं: मीठ लावलेला उकडलेला बटाटा, अर्धं केळं, दोन घोट पाणी. सामानापाशी खुर्ची मात्र ठेवूच नका. ‘दोन मिनिटं टेकतो’ म्हणता म्हणता वीस जातात आणि उठताना पोटऱ्या दगड झालेल्या असतात. 400 मीटरच्या ट्रॅकवर तेवढ्या वेळात नुसतं चालूनही चार फेऱ्या झाल्या असत्या.