वाडीच्या ग्रुपवर लिहिताय? या चुका टाळा

कोकणातल्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निम्मी माणसं गावात, निम्मी मुंबई-ठाण्यात. गावात रेंज असली तर असते, चाकरमानी ग्रुप उघडतो तो रात्री जेवण झाल्यावर. तुमचा मेसेज कोण कधी वाचेल याचा नेम नाही, आणि बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात.

सगळ्यात महागात पडतो तो पावसाळ्यातला मेसेज: 'घाट बंद आहे, निघू नका.' कुठला घाट? करूळ, आंबोली की परशुराम? कधीपासून? दुपारी दरड हटते, पण मेसेज रात्रीपर्यंत फिरतो आणि पुढच्या जुलैत पुन्हा उगवतो. ठिकाण, तारीख, वेळ आणि कळलं कुठून, हे मजकुरातच हवं: 'करूळ घाट, 18 जुलै, सकाळी 7. दरड आलीय, एसटी परत फिरली. स्वतः पाहिलं.' रस्ता सुरू झाला की त्याच मेसेजला रिप्लाय करून तसं कळवा. आलेल्या मेसेजवर दुहेरी बाण असेल तर तो बऱ्याच हातांतून फिरून आलाय. तो पुढे ढकलण्याआधी गावातल्या कुणाला तरी फोन लावा.

गणपतीच्या गाडीचंही तेच. 'दोन सीट रिकाम्या' एवढ्यावर वीस जण 'कधी?', 'कुठून?' विचारतात. तारीख, सुटण्याची जागा आणि वेळ, पेणवरून की कोल्हापूरवरून, माणशी किती, सगळं एकदाच लिहा. व्हॉइस नोट नको. तीन मिनिटांच्या बोलण्यातली वेळ नंतर शोधून सापडत नाही. लिहिताना चूक झाली तर 15 मिनिटांत एडिट करता येतं, पण त्याची नवी सूचना कुणाला जात नाही. तारीखच चुकली असेल तर नुसतं एडिट करून थांबू नका, वेगळा मेसेज टाका.

मालवणी जरूर लिहा. पण 'मेल्या, खंय आसंस?' यातली माया आवाजात असते. मुंबईत वाढलेल्या भाच्याला किंवा घाटावरून आलेल्या नव्या सुनेला ती स्क्रीनवर शिवी वाटते. मस्करी करायची तर ज्याची करताय त्याच्याच मेसेजला रिप्लाय करून करा. नाव न घेता मारलेला टोमणा तर हमखास भलत्यालाच लागतो. आपल्याकडचं तिरकस बोलणं लिहून पचत नाही, हे मान्यच करावं.

निधनाची बातमी घरच्यांना विचारल्याशिवाय टाकू नका. मुलगा अजून गाडीत असतो आणि ग्रुपवर श्रद्धांजल्या सुरू झालेल्या असतात. घरून होकार आला की नाव, अंत्ययात्रेची वेळ आणि स्मशानभूमी लिहा. वयस्कर माणसं 'वाचलं' या अर्थाने अंगठा देतात, त्यावरून त्यांना धारेवर धरू नका. वाढदिवसाचे केक मात्र त्या दिवशी थांबवा.

वर्गणी न दिलेल्यांची यादी ग्रुपवर लावली की पैसे येत नाहीत, माणसं ग्रुप सोडतात. आलेल्या रकमा लिहा, बाकीच्यांना खासगीत आठवण करून द्या.

तरीही भांडण पेटलंच, तर ॲडमिनने 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात' हे सेटिंग लावावं आणि कारण एका ओळीत सांगावं. झोंबणारा मेसेज ॲडमिनला सगळ्यांसाठी काढता येतो. तिथे 'ॲडमिनने डिलीट केला' अशी खूण राहते, म्हणून ज्याचा काढला त्याला आधी फोन करा. स्वतःचा मेसेज काढायला साधारण अडीच दिवस मिळतात, पण तोवर कुणीतरी स्क्रीनशॉट घेतलेला असतो. दुसऱ्या दिवशी ग्रुप पुन्हा खुला करावा. पालखीच्या मानाचा वाद असेल तर तो ग्रुपवर मिटत नाही. गावकीची बैठक लावा, आणि ग्रुपवर फक्त तिची तारीख टाका.