आधी पाहा, मग बनवा : सुट्टीत मुलांसोबत आकाशाचे पंधरा दिवस

सुट्टीत मुलांना आकाश शिकवायचे म्हटले की चमकीच्या कागदाचे तारे कापले जातात, पिवळी चंद्रकोर चिकटवली जाते आणि बऱ्याचदा त्या कोरीच्या पोकळीत एक चांदणीही बसवली जाते. खऱ्या आकाशात तिथे चांदणी दिसूच शकत नाही. ती जागा रिकामी नसते; तिथे चंद्राचाच अंधारातला भाग असतो आणि त्याच्या मागचे तारे तो झाकून टाकतो. ओळीने चार-पाच संध्याकाळी चंद्र नीट पाहिलेल्या मुलाला हे चित्र खटकते. म्हणून या उपक्रमाला एकच नियम आहे : जे बनवायचे, ते आधी पाहायचे. साधारण सात ते बारा वर्षांच्या मुलांना हे सगळे जमते. लहानांना मोजमापात थोडी मदत लागेल, एवढेच.

साहित्य साधे आहे : कोरी वही, पेन्सिल, मोजपट्टी, एक लांबट पुठ्ठ्याचे खोके, दोरा, मणी, एक चेंडू, सरळ काठी आणि टॉर्च. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन कागद लावा. लाल उजेडात वही वाचता येते आणि अंधाराला सरावलेली नजरही फारशी बिघडत नाही.

पहिली पायरी : चांद्रवही

हा उपक्रमाचा कणा आहे. बाकी काही जमले नाही तरी एवढे कराच.

अमावास्येनंतर दुसऱ्या किंवा तिसऱ्या संध्याकाळी सुरुवात करा. सूर्य मावळल्यावर पश्चिमेला बारीक कोर दिसेल. रोज त्याच जागी, त्याच वेळी उभे राहायचे. पानाच्या तळाशी समोरची झाडे, छपरे, टेकडी यांची बाह्यरेषा काढायची आणि तिच्यावर चंद्र जिथे असेल तिथे, जसा असेल तसा काढायचा. बाजूला तारीख, वेळ, दिशा आणि उंची लिहायची.

उंची मोजायला हात पुरतो. हात सरळ लांब केला तर मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते आणि करंगळीची १ अंश. मुलाची मूठ लहान असते, पण हातही तितकाच आखूड असतो, त्यामुळे हे माप लहानथोरांना जवळपास सारखेच लागू पडते. पहिल्याच दिवशी विचारा, चंद्र झाकायला किती बोटे लागतील? मुले दोन-तीन बोटे सांगतात. करंगळी धरून पाहिली की ती थक्क होतात, कारण चंद्र आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो, म्हणजे करंगळीच्या निम्म्याने.

दुसऱ्या दिवशी चंद्र एका मुठीहून थोडा जास्त पूर्वेकडे सरकलेला असतो. तो सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो आणि साडेएकोणतीस दिवसांनी पुन्हा त्याच कलेला येतो. हे आधी सांगू नका. पाचव्या दिवशी फक्त विचारा, "उद्या याच वेळी चंद्र कुठे असेल, केवढा असेल?" आणि मुलाला पुढच्या पानावर पेन्सिलने फिकट खूण करू द्या. माझ्या मते सगळ्या उपक्रमात सर्वांत मोलाची गोष्ट ही खूण आहे. तिच्यामुळे दुसऱ्या संध्याकाळी मूल स्वतःहून बाहेर धावते.

ढग आले तर पानावर "ढग" लिहून ते कोरे सोडा. न पाहिलेला चंद्र काढायचा नाही. दोन्ही बाजूंच्या पानांवरून मधली कला कशी असेल, याचा अंदाज वेगळ्या कागदावर करता येतो.

मुले कंटाळू लागली तर गॅलिलिओची गोष्ट सांगा. जानेवारी १६१० मध्ये त्याला दुर्बिणीतून गुरूजवळ एका रेषेत तीन ठिपके दिसले. दुसऱ्या रात्री त्यांच्या जागा बदललेल्या होत्या. तो रोज चित्र काढत राहिला, काही दिवसांनी चौथा ठिपका सापडला आणि हे गुरूभोवती फिरणारे चंद्र आहेत हे उमगले. एका रात्रीच्या चित्रावरून हे कळले नसते.

दुसरी पायरी : घरातला चंद्र

आठवडाभराच्या नोंदी झाल्या की खोलीत अंधार करून एकच दिवा डोक्याच्या उंचीवर लावा. चेंडू पेन्सिलीला टोचून मुलाने हात लांब करून धरायचा आणि दिव्याकडे तोंड करून हळूहळू डावीकडे स्वतःभोवती फिरायचे. दिवा सूर्य, डोके पृथ्वी. चेंडूवर एकामागून एक वहीतल्याच कला उमटतात. चेंडू डोक्यापेक्षा थोडा वर धरा, नाहीतर दिवा पाठीमागे आल्यावर डोक्याची सावली त्याच्यावर पडेल. एकदा मुद्दाम पडूही द्या. ते चंद्रग्रहण. कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात असा समज मोठ्यांमध्येही पुष्कळ आढळतो. तो इथे कायमचा मोडतो.

मग एक मोठा चेंडू पृथ्वी म्हणून ठेवा आणि साधारण त्याच्या पाव व्यासाचा दुसरा चंद्र म्हणून मुलांच्या हाती द्या. किती लांब ठेवाल? बहुतेक जण वीतभर अंतरावर ठेवतात. खरे अंतर पृथ्वीच्या सुमारे ३० व्यासांइतके आहे. खोली अपुरी पडते आणि अंगणात जावे लागते, ते चांगलेच.

तिसरी पायरी : दिवसाचा तारा

सूर्याकडे थेट पाहायचे नाही, दुर्बिणीतून तर कधीच नाही. हे मुलांना आधी समजावा आणि मोठ्या माणसाने सोबत राहा.

मोकळ्या जागी काठी उभी रोवा आणि दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकाला खडा ठेवा. दिवसातली सर्वांत आखूड सावली उत्तर-दक्षिण रेषा दाखवते. ती घड्याळात बाराच्या ठोक्यालाच पडेल असे नाही. असे का, हा प्रश्न वहीत लिहून ठेवा.

यापेक्षाही मला आवडते ते सूर्य मोजणे. पुठ्ठ्याला दोनेक मिलिमीटरचे छिद्र पाडा. सूर्याकडे पाठ करून, छिद्रातून आलेला उजेड दोन मीटरवरच्या पांढऱ्या कागदावर घ्या. कागद सावलीत हवा. तिथे सुमारे १८-१९ मिलिमीटरचा गोल कवडसा दिसेल. छिद्र चौकोनी कापले तरी कवडसा गोलच येतो, कारण तो सूर्याची प्रतिमा असतो. झाडाखालचे गोल कवडसेही असेच पडतात. आता कवडशाचा व्यास छिद्रापासूनच्या अंतराने भागा आणि पृथ्वी ते सूर्य या अंतराने, म्हणजे सुमारे १५ कोटी किलोमीटरने, गुणा. उत्तर १४ लाख किलोमीटरच्या आसपास येते. तोच सूर्याचा व्यास. मुलाच्या उत्तरात लाख-दीड लाखाचा फरक पडला तरी ते त्याने स्वतः मोजलेले आहे, खोडू नका.

चौथी पायरी : तारे आणि सप्तर्षींचे खोके

अंधारात किमान वीस मिनिटे बसा. डोळ्यांना तेवढा वेळ लागतोच. आधी नावे सांगू नका. मुलांनी आकाशाचा एक तुकडा निवडून त्यातले ठळक तारे ठिपक्यांनी काढावेत, ते जोडून स्वतःचा आकार शोधावा आणि त्याची गोष्ट रचावी. खगोलशास्त्रज्ञांनी सर्व आकाशाची ८८ तारकासमूहांत वाटणी केली आहे, हे त्यानंतर कळले तरी चालते. मृग दिसत असेल तर काक्षी आणि राजन्य या दोन ताऱ्यांचे रंग विचारा. तांबूस काक्षीपेक्षा निळसर पांढरा राजन्य कितीतरी जास्त तप्त आहे.

उत्तर गोलार्धात सप्तर्षी दिसत असतील तर पुलह आणि क्रतू (चौकोनाचे, शेपटाच्या विरुद्ध टोकाचे दोन तारे) यांना जोडणारी रेषा पुढे वाढवून ध्रुवतारा शोधा. मग दुसऱ्या दिवशी हे खोके बनवा. त्याला एक दुपार लागते.

तीसेक सेंटिमीटर लांबीचे खोके आडवे ठेवा, उघडी बाजू समोर येईल असे. एका टोकाच्या भिंतीला डोळ्यापुरते छिद्र पाडा. समोरच्या भिंतीवर आतून सप्तर्षींचे ठिपके काढा. ५ प्रकाशवर्षांना (प्रकाश एका वर्षात कापतो ते अंतर म्हणजे एक प्रकाशवर्ष) १ सेंटिमीटर असे प्रमाण धरा. मधले पाच तारे आपल्यापासून सुमारे ८० प्रकाशवर्षांवर आहेत, म्हणून त्यांचे मणी छिद्रापासून १६ सेंटिमीटरवर. शेपटाच्या टोकाचा मरीची सुमारे १०४ प्रकाशवर्षांवर, म्हणजे २१ सेंटिमीटरवर. दुसऱ्या टोकाचा क्रतू सुमारे १२३ वर, म्हणजे साधारण २५ सेंटिमीटरवर. एकाने छिद्रातून पाहायचे आणि दुसऱ्याने दोऱ्याला बांधलेला मणी बरोबर ठिपक्यावर दिसेपर्यंत हलवून दोरा वरच्या बाजूला चिकटवायचा.

छिद्रातून पाहिले की सप्तर्षी दिसतात; उघड्या बाजूने पाहिले की आकार मोडतो. तो मोडलेला आकार मुलांना काढायला सांगा. दुसऱ्या कुठल्या ताऱ्याभोवती कोणी राहत असेल, तर ते या ठिपक्यांत काय पाहत असतील? इथून पुढची गोष्ट, चित्र, नाटुकले मुलांवर सोपवा.

पाचवी पायरी : पायी सूर्यमाला

१ सेंटिमीटर म्हणजे १ लाख किलोमीटर असे धरा. सूर्य १४ सेंटिमीटरचा चेंडू होतो. त्यापासून १५ मीटरवर पृथ्वी, मिलिमीटरभराचा मणी. गुरू ७८ मीटरवर, दीड सेंटिमीटरची गोटी. नेपच्यून ४५० मीटरवर. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा याच प्रमाणात सुमारे ४,००० किलोमीटर दूर ठेवावा लागेल. तेवढे अंतर नकाशावर शोधू द्या.

पौर्णिमेनंतर चंद्र मुलांच्या झोपेच्या वेळेकडे सरकतो. वही तिथे बंद करायची गरज नाही. पुढचे काही दिवस नोंद सकाळी घ्या. सूर्य वर आल्यावरही चंद्र पश्चिमेकडच्या आकाशात फिकट पांढरा दिसतो. बाह्यरेषा मात्र आता नव्या दिशेची काढावी लागेल.