रीसायकल दाण्याचा सप्लायर कसा पारखायचा

प्लास्टिकचा रीसायकल दाणा घेताय तर नुसतं सर्टिफिकेट बघून ऑर्डर देऊ नका. 2023 मध्ये सीपीसीबीला (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला) ईपीआरची, म्हणजे कंपन्यांनी आपलं प्लास्टिक रीसायकल करवून घ्यायच्या जबाबदारीची, 6 लाखांवर बोगस सर्टिफिकेटं सापडली होती, त्यात महाराष्ट्रातलेही रीसायकलर होते, म्हणून म्हणतो कागदाच्या मागचा माल बघा.

आधी सीपीसीबीच्या पोर्टलवर रजिस्ट्रेशन आणि एमपीसीबीचं (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं) कन्सेंट, म्हणजे प्लांट चालवायची परवानगी, चालू आहे का ते बघायचं, हे घरबसल्या होतं. मग प्लांटवर जायचंच. खरी मेख हिशोबात असते: महिन्याला किती भंगार घेतलं, त्याची बिलं कुठायत, धुण्यात-गाळण्यात घट किती गेली आणि दाणा किती विकला, हे जुळलं पाहिजे, सोबत लाइटबिलही मागा कारण एक्स्ट्रूडर (प्लास्टिक वितळवून दाणा काढायचं मशीन) खरंच चालला असेल तर युनिट दिसतातच. घट अजिबात नाही म्हणणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

धुण्याचं पाणी कुठे सोडतात ते बघा, भंगार निवडणाऱ्या बायकांना हातमोजे आणि रोजचा पगार नीट मिळतो का तेही विचारा, हे मला दाण्याच्या क्वालिटीइतकंच महत्त्वाचं वाटतं. एमएफआय रिपोर्ट (वितळलेला दाणा किती सहज वाहतो त्याची टेस्ट) प्रत्येक लॉटचा घ्या. आणि आपल्याकडचे रनर (मोल्डिंगमध्ये पीससोबत निघणारे प्लास्टिकचे जास्तीचे तुकडे), रिजेक्ट पीस परत घेणार का, ते रेट ठरवतानाच लिहून घ्या.